मॅक्रे-नॉर्डेन कंपनीचा खोका

साताऱ्याच्या यादोगोपाळ पेठेत राहणाऱ्या गंगाधरपंत मेणवलीकरांना स्वतःच्या पणजोबांचं नाव विचारलं, तर ते थोडा वेळ आढ्याकडे बघत आणि मग बायकोला हाक मारत. पण मॅक्रे-नॉर्डेन कागद आणि पुठ्ठा कंपनीच्या मूळ पुरुषाचं नाव, त्याच्या बायकोचं माहेर, त्याच्या पहिल्या गिरणीशेजारून वाहणाऱ्या नदीचं पात्र आणि त्याला उतारवयात जडलेला दमा, एवढं सगळं त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी तोंडपाठ होतं. अर्थात झोपेतून उठवायची वेळ कोणावर येत नसे. न विचारताच ते सांगत.

या कंपनीच्या पदरी पडण्याआधी पंतांनी पोटासाठी बरंच काही करून पाहिलं होतं. वाईच्या शाळेत ते ड्रॉइंग मास्तर होते. फळ्यावर आंबा काढून पोरांना तो उतरवायला सांगायचं आणि आपण टेबलावर डोकं टेकायचं, अशी त्यांची शिकवण्याची पद्धत होती. एकदा साहेब तपासणीला आला तेव्हा वर्गात तीस आंबे आणि झोपलेल्या मास्तरचं एक हुबेहूब चित्र तयार होतं. मग त्यांनी विम्याचं काम धरलं. तिथे ते गिऱ्हाइकाच्या मरणाचं वर्णन इतकं रंगात येऊन करत, की गिऱ्हाईक अंथरूण धरी आणि सही तशीच राही. शेवटी लढाई सुरू व्हायच्या आधीच्या वर्षी त्यांना या पुठ्ठ्याच्या कंपनीची सातारा-सांगली भागाची एजन्सी मिळाली आणि एका रिकाम्या माणसाला एकदम भरल्यासारखं वाटू लागलं.

मुंबईला कंपनीने सगळ्या एजंटांना बोलावून चहा पाजला, एकेक टाय दिला आणि गुळगुळीत कागदावर छापलेली एक इंग्रजी पुस्तिका दिली. तिच्यात कंपनीचा इतिहास होता. टाय पंतांनी धोतरावर बांधला. म्हणजे गळ्यातच बांधला, पण खाली धोतर होतं. आणि इतिहास त्यांनी डोक्यात बांधला, तो कायमचा.

इतिहास साधारण असा होता. नॉर्वे देशात नॉर्डेन नावाचा एक गृहस्थ हातगाडीवर चिंध्या गोळा करत हिंडायचा. आपल्याकडे अशा माणसाला दारातून हाकलतात. त्याने चिंध्या उकळून कागद केला म्हणून तिकडे त्याचा पुतळा आहे. त्याच सुमारास स्कॉटलंडात मॅक्रे नावाचा चहाचा एक व्यापारी होता आणि त्याचा चहा बोटीत भिजायचा. दोघांची गाठ पडली. नॉर्डेनने मॅक्रेला चहा बांधायला पुठ्ठा दिला, मॅक्रेने नॉर्डेनला आपली बहीण दिली आणि कंपनी जन्माला आली. पुढे मुलं झाली, गिरण्या झाल्या. चिंध्या पुरेनात तेव्हा त्यांनी झाडं उकळायला घेतली. नॉर्वेतलं एक जंगल संपलं की दुसरं, तेही संपलं की कॅनडा. या प्रकाराला पुस्तिकेत प्रगती असं म्हटलं होतं. सगळ्या जगाने आपलं सामान कंपनीच्या खोक्यात भरावं एवढीच तिची साधी इच्छा होती, आणि आता ती कलकत्ता, मुंबई करत साताऱ्याच्या मोती चौकापर्यंत येऊन ठेपली होती.

मोती चौकाजवळ केरबा हलवायाचं दुकान होतं. पेढा असो, बर्फी असो, केरबा ती पळसाच्या पानांत बांधी आणि वरून केळीच्या सोपटाची दोरी आवळी. पंत त्याच्याकडे रोज जाऊन बसू लागले. नॉर्डेनची हातगाडी केरबाने चार दिवस ऐकली. पाचव्या दिवशी पंतांनी नमुन्याचा खोका काढून तागडीत ठेवला आणि केरबाचे डोळे उघडले. जाडजूड परदेशी पुठ्ठा चांगला वजनदार होता.

"म्हंजे ह्यो खोका पेढ्यासंगं तोलायचा?" केरबाने विचारलं.

"अर्थात. साऱ्या जगात तशीच रीत आहे."

"मंग आसं आदी सांगायचं की, पंत. त्या चिंधीवाल्याचं कशापायी सांगत बसला?"

नॉर्वेची झाडं पेढ्याच्या भावाने विकायची कल्पना केरबाला इतकी पटली की त्याने तिथल्या तिथे खोक्यांची मोठी मागणी दिली. काही महिन्यांनी बोटीने खोके आले. पिवळेधमक, वर सोनेरी रेघ, आणि ठसठशीत देवनागरीत 'सातारी पेढे' अशी अक्षरं. झाकणावर बर्फाच्या डोंगराखाली एक गाय चरत होती. चित्र नॉर्वेच्या चित्रकाराने काढलेलं असल्यामुळे तिला वशिंड नव्हतं. केरबाने खोका उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला आणि ही गाय आहे की म्हैस, असं विचारलं. पंत म्हणाले, युरोपात वशिंड असणं अडाणीपणाचं समजतात.

खोक्याने साताऱ्यात धुमाकूळ घातला. माणसं पेढे खात आणि खोका जपून ठेवत. बायका त्यात बांगड्या ठेवू लागल्या, वकील शाईच्या दौती ठेवू लागले, एका कीर्तनकाराने तर आपले टाळ ठेवले. काही घरांत आधी खोका रिकामा होऊन कपाटात जाई आणि मग पेढे कशात ठेवायचे म्हणून भांडं शोधत. खुळेपणाला वस्तू नवी आणि परदेशची मिळाली की माणसाचं कसं होतं, हे पाहायला साताऱ्याबाहेर जायची गरज नव्हती.

एक अडचण तेवढी राहिली. कंपनीने खोका फक्त पेढ्यांचा केला होता. बर्फीचा खोका पुढच्या बोटीने यायचा होता. पण त्या वर्षी चैत्रात हिटलर नॉर्वेत शिरला आणि बर्फीचा खोका तिकडेच अडकला. साऱ्या जगाला त्या लढाईची काळजी होती. पंतांनी ती अंगाला लावून घेतली. हिटलरने आपल्या एजन्सीवर डोळा ठेवूनच हे केलं, असं ते मोती चौकात उघड बोलून दाखवत. मुंबईहून कंपनीने कळवलं, की हाताशी असलेला खोकाच सगळ्या मिठाईला वापरावा. कंपनीच्या मुंबईच्या साहेबाला पेढा आणि बर्फी यांत काय फरक, ते ठाऊक नव्हतं. पंतांना होतं. पण कंपनीने सांगितल्यावर ते विसरायची त्यांची तयारी होती.

आणि हा फरक विसरण्यासारखा नव्हताच मुळी. आपल्याकडे मुलगा झाला की पेढे वाटतात आणि मुलगी झाली की बर्फी. पळसाचा पुडा सैल बांधलेला असतो, कडेने आतलं दिसतं, आणि रस्त्याने पुडा घेऊन जाणाऱ्या माणसाच्या घरी काय झालं ते तोंडाने न विचारता सगळ्या पेठेला कळतं.

पंतांची एकुलती एक मुलगी सुहासिनी सांगलीला दिलेली होती. वैशाखात ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. तिचे सासरे अनंतराव सांगलीच्या कोर्टातले वकील. घराण्याचा अभिमान त्यांना इतका, की समोरच्याची बाजू ऐकताना ते डोळे मिटून घेत. सासूबाई विनोदिनीबाईंना नातवाचा ध्यास लागला होता. नातवंडाचा नव्हे, नातवाचा. सुहासिनीचा नवरा मधु सज्जन होता, म्हणजे त्या घरात कोणी त्याला काही विचारत नसे.

सुहासिनीला मुलगी झाली. बाळ-बाळंतीण सुखरूप. पंतांची बायको, उमाबाई, म्हणाल्या, सांगलीला लगेच बर्फी धाडा, मोटार सुटायच्या आत. पंत केरबाकडे धावले. केरबाने वजन डोळ्यांपुढे ठेवून बर्फी खोक्यात भरली, आणि मग त्यालाही जरा चुकल्यासारखं वाटलं. झाकणावर कोळशाने 'बर्फी' असं लिहू का, म्हणून त्याने विचारलं.

पंतांच्या अंगावर काटा आला. मॅक्रे-नॉर्डेनच्या सोनेरी रेघेवर कोळसा!

"मंग पानात बांधू व्हय?"

"एजंटाच्या घरून व्याह्यांकडे पळसाची पानं? केरबा, उद्या लोक काय म्हणतील? झाकण उघडलं की दिसेलच आत काय आहे ते."

खोका घेऊन ते सर्व्हिस मोटारीकडे गेले. ड्रायव्हर लालासाहेब ओळखीचा होता. त्याच्या हाती खोका देऊन पंतांनी निरोप सांगितला, बाळ-बाळंतीण खुशाल आहेत म्हणावं. बाकी सांगायचं ते मिठाईच सांगते, अशी रीतच होती.

लालासाहेबाला वाचता येत होतं, हा पुढच्या अनर्थाचा पाया. त्याने खोक्यावरची अक्षरं वाचली आणि कऱ्हाडच्या चहावाल्यापासून पंतांना नातू झाल्याचं सांगत सुटला. इस्लामपूरला त्याने सांगितलं, आष्ट्याला सांगितलं. सांगलीच्या स्टँडवर मोटार पोचेपर्यंत बाळ बापासारखं दिसतं, इथपर्यंत मजल गेली होती. अनंतरावांच्या दारात उभं राहून त्याने खोका पुढे केला आणि म्हणाला, "आवं वकीलसाहेब, पेढं आल्यात साताऱ्याहनं. नातू झाला बगा तुमास्नी."

आता त्या घरात कोणी झाकण उघडलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती. पण खोका देवापुढे ठेवला गेला. तिथून विनोदिनीबाईंनी तो उचलला, सोनेरी रेघेवरून बोट फिरवलं, आणि इतका देखणा खोका उघडून त्याची कड दुमडायची त्यांना छाती होईना. त्यांनी तो तसाच कपाटात, शालूशेजारी ठेवून दिला. वाटायला काय, सांगलीत पेढ्यांची वाण नव्हती. अनंतरावांनी गावातल्या हलवायाकडून पेढे आणवले आणि कोर्टातल्या कारकुनापासून बेलिफापर्यंत, आणि तिथून घरभाड्याच्या दाव्यातल्या विरुद्ध पक्षकारापर्यंत सगळ्यांना वाटले. वाजंत्री बोलावली. मुलाला पणजोबांचं नाव ठेवायचं ठरलं. मधुने सुहासिनीला पत्र लिहून विचारावं, तर बायकोला असं पत्र लिहिणं त्या घरात निर्लज्जपणाचं समजत. आठवड्याभराने कपाटातून वास यायला लागला, तेव्हा विनोदिनीबाईंनी गड्याला कपाटामागे उंदीर मेलाय का ते बघायला लावलं. शालूशेजारच्या खोक्याचा संशय घ्यावा, असं त्यांच्या मनातही आलं नाही.

बाराव्या दिवशी बारशाला सांगलीची मंडळी भाड्याची मोटार करून साताऱ्याला आली. अनंतराव, विनोदिनीबाई, मधु, मधुची बहीण आणि चार-दोन नातलग. बरोबर सोन्याच्या बिंदल्या आणि मुलाची जरीची टोपी. पंतांना वाटलं, नातीसाठी एवढी हौस, काय मोठ्या मनाची माणसं. उमाबाईंना टोपी बघून कोडं पडलं, पण पाहुण्यांच्या पानांची घाई होती. पाळण्याभोवती बायका जमल्या. नाव सांगायला आत्या पुढे झाली, तिने बाळाच्या कानाशी तोंड नेलं, आणि तेवढ्यात पाळण्याशी उभी असलेली शेजारीण कौतुकाने म्हणाली, मुलगी अगदी आजीवर गेली आहे हो.

आत्या ताठ उभी राहिली. पाळण्याचं गाणं पहिल्याच ओळीवर थांबलं. मग आतबाहेर जो गोंधळ झाला, त्यात कोणी काय म्हटलं हे कोणालाच नीट सांगता येणार नाही. अनंतरावांचा आवाज मात्र पेठेच्या टोकापर्यंत गेला. आपल्याला फसवलं. मुलगी झाली हे लपवायला पेढे धाडले. सबंध कोर्टात आता आपण तोंड कसं दाखवायचं? पंतांनी हात जोडून सांगितलं की खोक्यात बर्फीच होती. विनोदिनीबाई म्हणाल्या, खोका कोणी उघडलाच नाही. का, ते त्यांनी सांगितलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही. साताऱ्यातल्या प्रत्येक बाईला ते आपोआप कळलं.

अनंतरावांनी डोळे मिटले आणि निवाडा दिला. पंतांनी इथे, चारचौघांत, आपल्या तोंडाने म्हणायचं की खोका खोटा होता आणि चूक त्यांची नि त्यांच्या कंपनीची होती. मग सांगलीला येऊन ज्या ज्या घरी पेढे गेले त्या त्या घरी हेच सांगायचं. तसं होईस्तोवर सून आणि तिची पोर इथेच राहील. पुढे न्यायची की नाही, ते नंतर बघू.

पंत उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला, गळ्यातला टाय सारखा केला. सगळे कान देऊन बसले.

"त्याचं असं आहे," ते म्हणाले, "नॉर्वे देशात नॉर्डेन नावाचा एक गृहस्थ होता."

उमाबाईंनी कपाळाला हात लावला. पंतांचा त्यात काही डाव नव्हता. कंपनीने पाऊणशे वर्षांत कोणाला खोटं सांगितलं नाही, मग आपण तिच्या तोंडावर तिला खोटी कशी म्हणायची, या पेचात सापडलेला माणूस जिथून पाय रोवता येईल तिथून सुरुवात करत होता. हातगाडी आली, चिंध्या आल्या, स्कॉटलंडातला ओला चहा आला. अनंतरावांचे मिटलेले डोळे आश्चर्याने उघडले. मॅक्रेच्या बहिणीचं लग्न लागणार, इतक्यात माजघराच्या दारात सुहासिनी येऊन उभी राहिली. बारा दिवसांची बाळंतीण, कानाला फडकं बांधलेली, कुशीत मुलगी.

"बाबा," ती अगदी हळू म्हणाली, "तुम्ही हिचे आजोबा आहात की त्या पुठ्ठ्याचे?"

पंत थांबले. असा प्रश्न त्यांना कंपनीच्या सभेत कोणी विचारला नव्हता आणि पुस्तिकेत त्याचं उत्तर नव्हतं. त्यांनी नातीकडे पाहिलं. त्या एवढ्याशा जिवाने तेवढ्यात एक मोठी जांभई दिली. पंतांचा इतिहास ऐकून जांभई देणारे खूप झाले होते, पण हिची त्यांना प्रथमच लागली.

"खोका खोटा होता," ते म्हणाले. "कंपनीचं चुकलं. माझंही चुकलं. मला नात झाली आहे."

बापाला वाळीत टाकावं तशा आवाजात हे शब्द बाहेर पडले, आणि मग ते खांबाला टेकून खाली बसले. अनंतरावांचं एवढ्याने समाधान झालं नाही. सांगलीचं राहिलंच आहे, म्हणून त्यांनी बजावलं आणि सगळ्यांना घेऊन, न जेवता, ते निघून गेले. मधु शेवटी निघाला. जाताना त्याने मुलीच्या तळव्याला बोट लावलं. तेवढं करायला त्याला इकडेतिकडे दोनदा बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी पंत मोठ्या बुट्टीत बर्फी घेऊन सांगलीला गेले. पळसाच्या पानांवर, उघडी, वर नुसतं मलमल टाकलेली. केरबाने खोक्यांचं नाव काढलं, तेव्हा पंतांनी त्याच्याकडे असं पाहिलं की त्याने मुकाट्याने पानं पुढे केली. टाय त्यांनी घरीच ठेवला होता.

पहिलं दार कोर्टातल्या कारकुनाचं. पंतांनी बर्फी पुढे केली आणि पाठ केल्यासारखं म्हणून टाकलं, वकीलसाहेबांना नातू नव्हे, नात झाली, खोका खोटा होता, चूक माझ्या कंपनीची. कारकुनाने बर्फी तोंडात टाकली. आतून त्याची बायको धावत आली आणि तिने विचारलं, तो सोनेरी रेघेचा खोका विनोदिनीबाईंकडेच आहे का, आणि आणखी एखादा मिळेल का. बेलिफाकडे तेच. मुलगी झाली की मुलगा, याची सांगलीत अनंतरावांखेरीज कोणाला फारशी पडलेली नव्हती. खोक्याची मात्र सगळ्यांना होती. पेढे आले तेव्हा खाल्ले, आता बर्फी आली ती खातात, उद्या जिलबी आली तर तीही खातील. एका म्हाताऱ्याने तर वकिलाच्या घरी जुळं झालं असं समजून दोन बर्फ्या घेतल्या.

असं सहा-सात दारं झाल्यावर पंतांच्या लक्षात न येता त्यांचं पाठांतर छोटं होत गेलं. आधी कंपनी गळाली. मग खोका गळाला. गणपती देवळाजवळच्या घरांत पोचेपर्यंत ते एवढंच म्हणत होते, मला नात झाली. पुढे तर त्यांनी तिचं वर्णनही जोडलं. जांभई देते, भरपूर जावळ आहे, आजीवर गेली आहे. शेवटच्या घरी बर्फी संपली तरी ते ओट्यावर बसून तिच्याविषयी सांगत होते, आणि ऐकणारा माणूस उठून जायला बघत होता, म्हणजे पंत पूर्वीचेच पंत होते.

अनंतरावांना हे सगळं संध्याकाळपर्यंत कळलं. पंत लोटांगण घालत हिंडतील आणि गाव हळहळेल, अशी त्यांची अपेक्षा होती. झालं ते भलतंच. ज्या ज्या घरी पंत गेले, त्या त्या घरातून माणसं येऊन वकीलसाहेबांना नातीबद्दल शुभेच्छा देऊन गेली, आणि बायकांनी विनोदिनीबाईंना तो खोका दाखवायचा आग्रह केला. खोका काढला, झाकण उघडलं. आतला बारा-तेरा दिवसांचा ऐवज बघून बायकांनी नाकाला पदर लावले, तेव्हा उंदराचंही कळलं. त्यानंतर फसवणुकीबद्दल बोलायला त्या घरात कोणाला तोंड उरलं नाही. अनंतरावांनी डोळे मिटून मधुला सांगितलं, सव्वा महिना झाला की जा आणि दोघींना घेऊन ये. मधु म्हणाला, आज जाऊन त्यांना सांगून तरी येतो. इतकं लांब वाक्य तो वडिलांसमोर प्रथमच बोलला होता.

त्यामुळे परतीच्या मोटारीत पंतांच्या शेजारी जावई होता. आष्टा मागे पडलं. सासऱ्यांना बरं वाटावं म्हणून मधुने सहज विचारलं, लढाई संपल्यावर नॉर्वेच्या गिरणीचं काय होईल? चूक त्याचीच. पंतांनी एकदा खिडकीबाहेर पाहिलं, आणि मग हातगाडीपासून सुरुवात केली. इस्लामपूरला लग्न झालं, कऱ्हाडला दुसरी पिढी गिरणीवर बसली, उंब्रजला मधुला झोप लागली. साताऱ्याच्या स्टँडवर मोटार थांबली तेव्हा कंपनीने कॅनडातलं पहिलं जंगल विकत घेतलं होतं.

घराच्या दारातही पंत बोलतच होते. आतून मुलीचं रडणं ऐकू आलं. पंतांनी वाक्य अर्धं टाकलं, चपला एक इकडे एक तिकडे फेकल्या आणि पाय धुवायला मोरीकडे धावले. मधु उंबऱ्याशी उभा राहून पुढचं ऐकायची वाट बघत होता, कारण तो सज्जन होता.